बेगम रुकैया आणि त्यांची अंजुमन

इ.स. १९१६. युरोपात पहिले महायुद्ध पेटले होते. त्याच वर्षी कलकत्त्यात एका विधवा मुस्लिम स्त्रीने 'अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम' ही संस्था स्थापन केली. बेवा स्त्रियांना पैशाची मदत करायची, नवऱ्याचा मार खाऊन घराबाहेर पडलेल्यांना आसरा द्यायचा, गरीब आईबापांच्या मुलींचे निकाह लावून द्यायला हातभार लावायचा आणि बस्तीत राहणाऱ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचे, अशी या अंजुमनची कामे होती. ती सांभाळणाऱ्याही स्त्रियाच होत्या. त्यातल्या बहुतेकींनी तोपर्यंत घराच्या उंबऱ्याबाहेर कुठलेही सार्वजनिक काम केलेले नव्हते.

संस्था काढणाऱ्या या बाईंचे नाव बेगम रुकैया सखावत हुसैन. बंगाली लोक त्यांना रोकेया म्हणतात. त्यांचे नाव निघाले की लोकांना पहिल्यांदा आठवते ते 'सुलतानाज ड्रीम'. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आलेली ही छोटी कथा. बायका राज्यकारभार चालवतात आणि पुरुष मर्दान्यात बसतात, अशा एका देशाचे स्वप्न तिच्यात आहे. युनेस्कोने २०२४ साली आशिया-पॅसिफिक विभागाच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत या कथेचा समावेश केला. दुसरी आठवण होते ती त्यांनी काढलेल्या मुलींच्या शाळेची. या दोन्ही गोष्टी मोठ्याच आहेत. पण अंजुमनची आठवण फारशी कुणी काढत नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड. करताना शिक्षणाच्या इतिहासात स्त्रीशिक्षणाचे प्रकरण आम्हाला होते; त्यात रुकैयांचे नाव नव्हते, मग अंजुमनचे कुठून असणार! माझ्या मते मात्र रुकैयांनी जे जे लिहिले ते ज्या ठिकाणी खऱ्या अर्थाने जमिनीवर उतरले, ते ठिकाण म्हणजे ही अंजुमन होय. मदत आणि तालीम या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे तिने दाखवून दिले. आपल्या समाजाला आजही हाच धडा गिरवायचा आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

पायराबंदची मुलगी

रुकैयांचा जन्म ९ डिसेंबर १८८० रोजी रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद या गावी झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडील जमीनदार होते. घरात अरबी, फारसी, उर्दूचा मान. मुलगे कलकत्त्याला इंग्रजी शिकायला गेले. मुलींसाठी मात्र कुरआनचे पठण आणि थोडेफार उर्दू एवढीच मर्यादा होती. बांगला ही आजूबाजूच्या सगळ्या मुलखाची बोली, पण खानदानी घरातल्या मुलींनी ती शिकणे कमीपणाचे समजले जाई. पडदा इतका कडक की लहान वयातच परक्या बायकांपासूनही मुलींना लपून बसावे लागे.

अशा घरात रुकैयांना दोन आधार मिळाले. थोरले भाऊ इब्राहिम साबेर यांनी रात्री घर झोपल्यावर बहिणीला इंग्रजी शिकवले. थोरली बहीण करीमुन्निसा यांनी बांगला शिकवली. करीमुन्निसांना स्वतःला वाचनाची फार ओढ होती, पण बांगला पुस्तके वाचतात म्हणून त्यांचे शिक्षण थांबवण्यात आले आणि लहान वयात लग्न लावून देण्यात आले. पुढे रुकैयांनी 'मोतीचूर' या लेखसंग्रहाचा दुसरा भाग या बहिणीला अर्पण केला आणि आपण बांगला विसरलो नाही ते तिच्यामुळेच, असे कृतज्ञतेने नोंदवले.

एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रुकैया कधीही शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्याजवळ जे इल्म होते ते भावाने आणि बहिणीने चोरून दिलेले होते. शिकलेल्याने न शिकलेल्याला घरी जाऊन शिकवायचे, ही अंजुमनची पुढची पद्धत त्यांनी आधी स्वतःच्या आयुष्यात अनुभवलेली होती.

भागलपूर ते कलकत्ता

किशोरवयातच त्यांचा निकाह बिहारमधल्या भागलपूरचे सय्यद सखावत हुसैन यांच्याशी झाला. ते डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, उर्दूभाषिक होते आणि बिजवर होते. वयात अंतर मोठे होते. पण माणूस उदार मनाचा. बायकोने लिहावे, छापावे यासाठी त्यांनी प्रोत्साहन दिले. संसाराचे सुख मात्र फार लाभले नाही. दोन मुली झाल्या आणि दोन्ही तान्हेपणीच गेल्या. सखावत साहेबांची प्रकृती ढासळत गेली आणि ३ मे १९०९ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी रुकैयांचे वय २८ होते.

सखावत साहेबांनी मुलींच्या शाळेसाठी १० हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. इद्दत संपल्यावर थोड्याच दिवसांत, १ ऑक्टोबर १९०९ रोजी, रुकैयांनी भागलपूरमध्ये शाळा सुरू केली. विद्यार्थिनी होत्या पाच. पण सावत्र मुलगी आणि जावई यांच्याशी मालमत्तेवरून बेबनाव झाला आणि त्यांना भागलपूर सोडावे लागले. नवऱ्याचे घर गेले, शहर गेले, शाळाही गेली. विधवा झालेली बाई, ती जमीनदाराची मुलगी आणि मॅजिस्ट्रेटची बायको असली तरी, एका वर्षात कशी बेघर होऊ शकते, हे रुकैयांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. ते त्यांनी भोगलेले होते.

कलकत्त्यात येऊन १६ मार्च १९११ रोजी वलीउल्ला लेनमधल्या १३ नंबरच्या घरात त्यांनी पुन्हा शाळा उघडली. नाव 'सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल'. विद्यार्थिनी आठ. शाळा कशी चालवतात हे माहीत नव्हते, म्हणून त्या ब्राह्म समाजाच्या आणि ख्रिस्ती बायकांच्या शाळांत जाऊन बसत, वर्ग कसे घेतात ते पाहत. ज्या बँकेत पैसे ठेवले होते ती बुडाली. तरीही शाळा बंद पडली नाही. १९१५ पर्यंत मुलींची संख्या ८४ झाली. कुरआन पठण आणि त्याचा अर्थ, उर्दू, फारसी, इंग्रजी, पुढे बांगला, शिवाय प्रथमोपचार, आजाऱ्याची शुश्रूषा, स्वयंपाक, शिवण आणि व्यायाम असा तिथला अभ्यासक्रम होता. शिक्षिका मिळत नसत, म्हणून मद्रास, गया, आग्रा अशा ठिकाणांहून बोलवाव्या लागत. त्यांच्याच सततच्या मागणीमुळे सरकारने १९१९ साली कलकत्त्यात मुस्लिम स्त्रियांसाठी अध्यापिका प्रशिक्षण शाळा सुरू केली.

अंजुमन कशासाठी?

आता प्रश्न असा पडतो की शाळा चालवणेच इतके अवघड होते, तर मग दुसरी संस्था काढण्याची गरज काय होती?

त्याचे उत्तर शाळेच्या अनुभवातच मिळते. शाळेत येत होत्या त्या बहुतेक सुखवस्तू घरांतल्या मुली. त्यांना आणायला-सोडायला पडदा लावलेली गाडी लागे. पण कलकत्त्याच्या बस्त्यांमधून ज्या हजारो मुस्लिम बायका राहत होत्या, त्यांच्या मुली या शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचत नव्हत्या. आई निरक्षर, बाप मजूर किंवा मरून गेलेला, घरात खायला नाही. अशा घरी जाऊन 'मुलीला शाळेत पाठवा' म्हणण्याला काही अर्थ नसतो. तिथे आधी आईला हात द्यावा लागतो.

१९१४ साली अलीगढमध्ये अखिल भारतीय मुस्लिम महिला परिषद स्थापन झाली होती. भोपाळच्या राज्यकर्त्या सुलतान जहाँ बेगम तिच्या अध्यक्षा होत्या. आपल्या मुंबई-कोकणातल्या अतिया फैजी, जोहरा फैजी आणि जंजिऱ्याच्या बेगम नाजली या तिघी बहिणीही त्या काळात मुस्लिम स्त्रियांच्या तालीमीसाठी बोलत-लिहीत होत्या. पण त्या चळवळीत शरीफ घराण्यांतल्या स्त्रियांचे वजन अधिक होते. रुकैयांच्या अंजुमनमध्येही पुढाकार घेणाऱ्या स्त्रिया सुखवस्तू घरांतल्याच होत्या. फरक एवढाच की त्यांनी काम करायला निवडलेल्या स्त्रिया बस्तीतल्या होत्या.

महाराष्ट्रात असे काम मुस्लिमेतर स्त्रियांसाठी आधी सुरू झालेले होते. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम सुरू केला, आणि १९०८-०९ मध्ये मुंबईत आणि पुण्यात सेवासदन उभे राहिले. पुण्याच्या सेवासदनामागे रमाबाई रानडे होत्या. या सगळ्या संस्थांमागे एकच जाण होती. निराधार स्त्रीला दोन वेळचे जेवण देऊन तिचे दुःख संपत नाही. तिच्या हाताला काम आणि डोळ्यांना अक्षर द्यावे लागते. रुकैयांनी तेच काम अशा समाजात सुरू केले, जिथे बाईने दुसऱ्या बाईच्या घरी जाणेसुद्धा डोलीतून होत असे.

'सभा कुठे आहे?'

या कामासाठी बायका मिळवणे ही पहिली लढाई होती. रुकैया घरोघर जात. बायकांना समजावत, त्यांच्या नवऱ्यांना, सासूंना समजावत. सभेला या, एवढेच मागणे.

शम्सुन्नहार महमूद या रुकैयांच्या तरुण सहकारी. त्यांनी १९३७ साली रुकैयांचे चरित्र लिहिले. त्यात त्या काळातली एक आठवण आहे. एका बाईंना पुष्कळ मिनतवारीने अंजुमनच्या सभेला आणले. त्या आल्या, सगळा वेळ बसल्या, भाषणे झाली, चर्चा झाली. निघताना त्या बाई तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, सभा दाखवते म्हणून आणलेत, पण सभा तर कुठे दिसलीच नाही!

आपल्याला याचे हसू येते. पण जरा विचार केला तर हसू थांबते. त्या बाईंना 'सभा' हा शब्द माहीत होता, पण ती काय असते हे माहीत नव्हते. दहा बायका एकत्र बसतात, एकीची अडचण दुसरी ऐकते, सगळ्या मिळून काही ठरवतात, यालाच सभा म्हणतात, हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. ज्यांना सभा म्हणजे काय हे माहीत नव्हते अशा बायकांना घेऊन रुकैयांनी संस्था उभी केली आणि ती मरेपर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, चालवली. ज्या बायका मदत द्यायला आल्या होत्या त्यांचीही ती शाळाच होती, असे म्हटले तर चूक ठरणार नाही. हिशेब ठेवणे, अर्ज लिहिणे, चार लोकांत उभे राहून बोलणे, हे त्या तिथेच शिकल्या.

इथे इस्लामने स्त्रीला दिलेल्या एका अधिकाराची आठवण होते. मेहर तिचा, वारसा हक्काने आलेला हिस्सा तिचा, तिने कमावलेले तिचे. तिच्या मालावर नवऱ्याचा हक्क नाही. आणि तो माल निसाबाइतका असेल तर जकात देण्याची जबाबदारीही तिची स्वतःची. म्हणजे आपल्या मजहबने बाईला फक्त मदत घेणारी मानलेले नाही, देणारीही मानले आहे. देणारी आहे तर कुणाला द्यायचे, कसे द्यायचे हे ठरवणारीही तीच. अंजुमनने हा हक्क वापरून दाखवला.

बस्तीतली पाटी

अंजुमनचे सर्वांत महत्त्वाचे काम बस्त्यांमध्ये चालले. स्वयंसेविकांच्या टोळ्या करून त्या बस्तीत जात आणि तिथल्या बायकांना अक्षरे शिकवत, स्वच्छता शिकवत, मुलांची निगा कशी ठेवायची ते सांगत.

शिकवायचे कोणत्या भाषेत? हा प्रश्न कलकत्त्यात सोपा नव्हता आणि आपल्याकडेही नाही. कलकत्त्यातल्या पुष्कळ मुस्लिमांची बोली उर्दू होती, पण बंगालच्या खेड्यापाड्यांतून आलेल्यांची बांगला. अंजुमनच्या बायकांनी यावर वाद घातला नाही. जिची जी बोली तिला त्या भाषेत शिकवायचे, बांगला तर बांगला, उर्दू तर उर्दू. खुद्द रुकैयांची शाळा सुरुवातीला उर्दू माध्यमाची होती, कारण मुलींचे पालक तसे मागत. पण बंगाली मुस्लिमांनी आपली मातृभाषा बांगलाच मानली पाहिजे हा आग्रह त्यांनी कधी सोडला नाही. पुढे शाळेतही त्यांनी बांगला आणली. सबंध लेखन त्यांनी बांगलात केले, थोडे इंग्रजीत. चौदा वर्षे भागलपूरच्या उर्दू वातावरणात राहून आणि नंतर उर्दू शाळा चालवूनही.

आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कोकणातल्या मुस्लिम घरात कोकणी बोलतात, मराठवाड्यात दखनी, शाळा उर्दू, आणि तहसील कचेरीतला अर्ज मराठीत. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया उर्दू समजतात, पण रेशन कार्डावरचे नाव वाचायचे तर मुलीकडे पाहतात. उर्दू की मराठी, असा वाद आपण वर्षानुवर्षे घालत आलो. अंजुमनचे उत्तर साधे होते. बाईच्या कामाला जी भाषा येईल ती तिला शिकवा. आणि तिच्या जिभेवर जी भाषा आहे तिच्यापासून सुरुवात करा.

तारिणी भवन

१९२४ साली रुकैयांची 'पद्मराग' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात तारिणी भवन नावाची एक संस्था आहे. दीनतारिणी या ब्राह्म विधवेने ती उभी केली आहे. तिथे मुलींची शाळा आहे, विधवांसाठी घर आहे, आजारी आणि अपंग बायकांसाठी आश्रयस्थान आहे, काम शिकवणारा विभाग आहे आणि 'नारी-क्लेश-निवारणी समिती' आहे. बायकांचे क्लेश दूर करणारी समिती! नावच किती बोलके आहे.

या भवनात मुस्लिम, हिंदू, ब्राह्म आणि ख्रिस्ती अशा सगळ्या बायका बहिणींसारख्या राहतात. एकीला नवऱ्याने टाकले आहे, एकीला सासरच्यांनी छळले आहे. एक तर गोरी इंग्रज बाई आहे, तिचा नवरा वेडा आणि खुनी, पण तिच्या देशाचा कायदा तिला घटस्फोट देत नाही. राज्य करणाऱ्यांच्या घरातली बाईसुद्धा त्याच दुःखात असू शकते, हे रुकैयांनी तेव्हा लिहिले. या बायका रडत बसत नाहीत. शिवतात, सूत काततात, मुलींना शिकवतात, आजाऱ्यांची सेवा करतात आणि आपले पोट आपण भरतात. कादंबरीची नायिका सिद्दिका हिच्या आयुष्यात शेवटी नवऱ्याबरोबर संसार करण्याची संधी येते. ती नकार देते. लग्न हेच बाईच्या आयुष्याचे एकमेव साध्य नाही, हे तिला दाखवून द्यायचे आहे.

काही समीक्षक तारिणी भवनाला रुकैयांचे स्वप्न म्हणतात. मला ते तसे वाटत नाही. ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा अंजुमन आठ वर्षांची होती. बस्तीतल्या बायकांची दुःखे रुकैयांनी ऐकली होती, कुणाला काय लागते ते पाहिले होते. 'सुलतानाज ड्रीम'मध्ये बायकांचा देश स्वप्नात दिसतो. 'पद्मराग'मध्ये त्याच बायका एका घरात राहून हिशेबाच्या वह्या लिहितात. या दोन्ही पुस्तकांच्या मधल्या काळात अंजुमन आली होती.

पडद्याची गाडी आणि बदनामी

हे सगळे सुखासुखी झाले नाही. तरुण विधवा शाळा काढून स्वतःचे प्रदर्शन मांडते, इथपर्यंत लोक बोलत. रुकैया स्वतः बुरखा घालत. 'मोतीचूर'मध्ये त्यांनी बुरख्यावर लेख लिहून पडदा वेगळा आणि कोंडून ठेवणे वेगळे, हा भेद स्पष्ट केला होता. त्यांचा विरोध कोंडून ठेवण्याला होता. पण टीका करणारे असे भेद वाचत नाहीत.

शाळेच्या गाडीचा किस्सा त्यांनी १९३१ च्या 'अवरोधवासिनी' या पुस्तकात सांगितला आहे. मुलींसाठी नवी मोटार आणली. पडदा पक्का राहावा म्हणून ती चोहोबाजूंनी बंद केलेली, हवेला फक्त वर जाळीची छोटी पट्टी. आत इतका अंधार आणि उकाडा की मुली घाबरून रडू लागल्या, काहींना ओकारी झाली, काही बेशुद्ध पडल्या. पालकांच्या तक्रारी आल्या. म्हणून बाजू उघडून कापडाचे पडदे लावले. लगेच 'दीनी भाऊ' म्हणवणाऱ्यांची पत्रे आली की वाऱ्याने पडदे उडतात आणि बेपर्दगी होते. सुधारणा केली नाही तर उर्दू अखबारांत लिहू. बंद ठेवले तर मुली बेशुद्ध, उघडले तर बदनामी. या पुस्तकात असे ४७ प्रसंग आहेत, हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणणारे.

रुकैयांनी या टीकाकारांना मजहबच्याच आधारे उत्तर दिले. १९२६ साली बंगाल महिला शिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना, स्त्रीशिक्षणाला विरोध करणारे लोक स्वतःला मुसलमान म्हणवतात आणि इस्लामने पुरुषाइतकाच स्त्रीला दिलेला इल्मचा हक्क मात्र नाकारतात, असे त्यांनी सुनावले. जो दीन 'इकरा' या शब्दाने सुरू झाला त्या दीनच्या नावावर मुलींना अडाणी ठेवणे, याहून मोठी विसंगती कुठली?

अखेरची रात्र

९ डिसेंबर १९३२ रोजी पहाटे रुकैयांचे निधन झाले. जन्मदिवस आणि मृत्युदिवस एकच. वय ५२. आदल्या रात्रीपर्यंत त्या लिहीत होत्या. टेबलावर अर्धवट राहिलेला लेख सापडला, त्याचे नाव 'नारीर अधिकार', म्हणजे स्त्रीचा हक्क. त्यात विषय होता निकाह आणि तलाकचा. आपल्या धर्मात निकाह दोघांच्या संमतीने होतो. मग तलाक मात्र एकट्या पुरुषाच्या मर्जीने कसा होतो, हा सवाल त्यांनी त्यात उभा केला होता. अंजुमनच्या दारात आलेल्या टाकलेल्या बायकांचे चेहरे हा लेख लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे नसतील, असे कसे म्हणावे?

हा सवाल आपल्या देशात पुढे कोर्टापर्यंत गेला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला आणि २०१९ साली त्यावर कायदा आला. त्या कायद्याबद्दल आपल्यात दोन मते आहेत आणि ती असू शकतात. पण एका गोष्टीवर दुमत नसावे. कोर्टाचा निकाल बाईच्या बाजूने लागला तरी त्या रात्री तिने झोपायचे कुठे, सकाळी मुलांना खायला काय घालायचे, हे कोर्ट सांगत नाही. ते काम कुणीतरी शेजारच्या बायकांनीच करायचे असते. १९१६ साली कलकत्त्यात ते केले गेले.

रुकैयांनंतर अंजुमनचे काम शम्सुन्नहार महमूद यांच्यासारख्या स्त्रियांनी पुढे नेले. सखावत मेमोरियल शाळा कोलकात्यात आजही आहे, सरकारी शाळा म्हणून. बांगलादेशात दर ९ डिसेंबरला 'रोकेया दिवस' पाळतात. २००४ साली बीबीसीच्या बांगला विभागाने सर्वश्रेष्ठ बंगाली व्यक्तींसाठी श्रोत्यांचा कौल घेतला, त्यात त्यांना सहावे स्थान मिळाले. पहिल्या वीस जणांत त्या एकट्याच स्त्री होत्या.

आपल्यासाठी

एवढा इतिहास कशासाठी सांगायचा? रमजान आला की आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यांतून जकातीची रक्कम निघते. दारावर रांग लागते. रांगेत बहुतेक बायका असतात, काखेत मूल, डोक्यावर ओढणी पुढे ओढलेली. कुणाच्या हातावर शंभराची नोट, कुणाला धान्याची पिशवी. देणाऱ्याची नियत साफ असते यात शंका नाही. पण पुढच्या रमजानला त्याच रांगेत त्याच बायका उभ्या असतात, आणि काही वर्षांनी त्यांच्या मुलीही. कुरआनने जकातीचे आठ हकदार सांगितले, त्यात पहिले फकीर आणि मिस्कीन. पण तो फकीर पिढ्यान्‌पिढ्या फकीरच राहावा, असे कुठेही सांगितलेले नाही.

दुसरी गोष्ट. जकात जमा करणाऱ्या, वाटणाऱ्या आपल्याकडच्या किती कमिट्यांत बायका आहेत? बेवा बाईने आपली अडचण सांगायची ती पाच पुरुषांसमोर उभे राहून. ती अर्धेच बोलते. नवरा मारतो हे सांगत नाही, सासरा घरातून काढू पाहतो हे सांगत नाही, आजार सांगत नाही. सांगते फक्त 'घरात धान्य नाही.' आणि मग तिला फक्त धान्यच मिळते. रुकैयांच्या अंजुमनमध्ये ऐकणारीही बाई होती, म्हणून पूर्ण दुःख ऐकले गेले आणि मदतही त्या दुःखाच्या मापाची देता आली.

यासाठी मोठी इमारत लागत नाही. आपल्या गावांतून आता डी.एड., बी.एड., नर्सिंग, वकिली केलेल्या मुस्लिम मुली आहेत. रुकैयांच्या काळात शिक्षिका आग्र्याहून आणावी लागे. आज ती त्याच गल्लीत राहते. मोहल्ल्यातल्या पाच-सात शिकलेल्या बायकांनी एकत्र यावे, स्वतःच्या जकातीतून सुरुवात करावी, एक वही घालावी. जिला धान्य दिले तिचे नाव त्या वहीत लिहावे आणि त्याच पानावर लिहावे की तिला सही करता येते का, तिच्या मुलीचे नाव शाळेत आहे का, तिच्या हाताला काय काम येते. पुढच्या महिन्यात पुन्हा तिच्या घरी जावे आणि त्या पानावर नवी ओळ लिहावी.

ज्या दिवशी मदत घेणारी बाई त्या वहीत आपले नाव स्वतः लिहील, त्या दिवसापासून ती रांगेतून बाहेर पडू लागेल. आणि उद्या ती वही दुसऱ्या कुणासाठी तिच्याच हातात द्यायला हरकत नाही.